आयला!

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सव्वाचारला, म्हणजे इथे दिवेलागण झाल्यावर, आमच्या बॉयलरने मान टाकली. आधी घुर्र घुर्र, मग तीनदा टकटक, मग गप्प. बाहेर उणे पाच. घरमालकाच्या एजंटकडे फोन केला तर ‘माणूस सोमवारी येईल’. सोमवारपर्यंत आमची कुल्फी होईल, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते ऐन वेळी सुचेना, म्हणून नुसतं ‘थँक यू’ म्हणून फोन ठेवला.

आम्ही ग्लासगोत पार्टिक भागात राहतो. तांबड्या दगडाची जुनी चार मजली इमारत. तिला इथे टेनेमेंट म्हणतात, मी चाळ म्हणते. सामाईक जिना आहे, त्याचं नाव ‘क्लोज’. छत एवढं उंच की हीटर चालू असतानाही ऊब वरच्यावर फिरत राहते आणि आपण खाली शाल पांघरून बसतो. नवऱ्याने घरातल्या दोन्ही विजेच्या शेगड्या लेकीच्या खोलीत लावल्या. मी मोज्यांवर मोजे चढवले आणि वरच्या आजोबांकडे तिसरी शेगडी मागायला गेले.

आजोबांकडे शेगडी नव्हती. ‘आत ये, हेन,’ म्हणाले. हेन म्हणजे कोंबडी. ग्लासगोतले म्हातारे बायकांना प्रेमाने अशीच हाक मारतात, आपल्याकडे ‘बाय’ म्हणतात तशी. पहिल्या वर्षी मला भयंकर राग यायचा. आजोबांची गॅसची शेगोटी मात्र छान लालभडक पेटलेली होती. तिच्यासमोर मला बसवून ते आत गेले आणि हिरवी बाटली घेऊन आले. पांढरं लेबल, त्यावर काळी अक्षरं: लाफ्रॉइग, दहा वर्षं.

मी व्हिस्की अगदीच पीत नाही असं नाही. लग्नसमारंभात, ऑफिसच्या ख्रिसमसला, सोड्यात बुडवून. पण ही नीट, बर्फ नाही, सोडा नाही, ट्यूलिपच्या फुलासारख्या छोट्या ग्लासात. नाकाशी नेली आणि मी म्हटलं, ‘आजोबा, बाटली चुकली तुमची. ही फरशी पुसायची दिसते.’

ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबा चिपळूणला बाजारपेठेत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, एकतीस वर्षं. शाळा सुटली की मी दवाखान्यात जाऊन बसायची. लाकडी खिडकीच्या मागे बाबांचं राज्य. गुलाबी मिक्स्चर, बाटलीला खळीने चिकटवायची कागदाची दातेरी पट्टी (एक दाता म्हणजे एक डोस, पट्ट्या कातरायचं काम माझं), टिंक्चर आयोडीन, घशाला आतून लावायचा मँडल्स पेंट, गजकर्णाचं मलम, जेन्शन व्हायोलेटने कायमची जांभळी झालेली बशी. पोटात घ्यायच्या औषधाला पांढरं लेबल, बाहेरून लावायच्या औषधाला लाल. त्यात चूक झाली तर बाबा बोलत नसत, नुसते बघत. आणि रोज सकाळी बादलीत फिनेल. काळंकुट्ट असतं, पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं. माझ्या आयुष्यातली पहिली जादू.

त्या ग्लासात हे सगळं होतं. आयोडीन, फिनेल, बँडेजचं नवं पुडकं फोडल्यावर येतो तो वास. पण नुसता दवाखानाच असता तर मी हसून सोडून दिलं असतं. त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, ओलं, मातकट, धुराचं. ते ओळखायला मला वेळ लागला. २६ जुलै २००५ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दवाखान्याच्या खिडकीच्याही वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर आम्ही तीन दिवस घमेल्याने चिखल बाहेर ओढत होतो. मग फिनेलच्या बाटल्यांवर बाटल्या ओतल्या. रस्त्यात लोक भिजलेल्या गाद्या, फळ्या, वह्या जाळत होते. धड पेटत नव्हतं काही, नुसता धूर. चिखल, फिनेल आणि ओला धूर. अगदी तोच वास.

हे मी आजोबांना सांगितलं नाही. कुणी पाहुणचार करावा आणि आपण त्याला पुराची उपमा द्यावी, बरं दिसत नाही.

आजोबा मूळचे ज्या बेटावरचे, त्या बेटाचं नाव आयला. विनोद करत नाहीये. लिहिताना मध्ये एक ‘एस’ येतो, पण तो मुका, उच्चार आयलाच. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, तीनएक हजार वस्तीचं बेट आणि त्यात व्हिस्कीच्या दहाएक डिस्टिलऱ्या. लाफ्रॉइग, लागाव्हुलिन, आर्डबेग या तिघी दक्षिण किनाऱ्यावर एका रस्त्याला ओळीने, चालत जाण्याच्या अंतरावर. मी आजोबांना एकदा सांगितलं होतं की आमच्या भाषेत आश्चर्य वाटलं की तुमच्या गावाचं नाव घेतात. त्यांना इतका आनंद झाला की आता जिन्यात पिशवी फाटली तरी ‘आयला!’ म्हणतात. खरा अर्थ सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

‘पाणी घाल,’ ते म्हणाले. चहाचा चमचा, त्यात कोमट पाणी, एकच चमचा. मी घातलं. पुन्हा हुंगलं, तर धूर उलट जास्तच. मला वाटलं माझ्याच नाकाचा दोष, पण नाही. मागाहून लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत शोधलं. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये संगणकावर मांडून दाखवलं होतं की व्हिस्कीतला धुराचा रेणू, ग्वायाकॉल, अल्कोहोलला चिकटून राहतो. अल्कोहोल जास्त असलं की तो आत द्रवात मिसळून बसतो. पाणी घालून ते कमी केलं की दोघं मिळून वर पृष्ठभागावर येतात, म्हणजे थेट नाकाखाली. मला हे वाचून बाबांचं ‘आधी पातळ कर, मग बघ’ आठवलं. ते प्रत्येक बाबतीत असं म्हणायचे, माझ्या रागाच्या बाबतीतसुद्धा.

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. जीवाणूंच्या स्लाइडी, रंग, सूक्ष्मदर्शक. त्यामुळे ‘फिनेलसारखा वास’ एवढ्यावर गप्प बसणं जमेना. आणि निघालं असं की ‘सारखा’ हा शब्दच चुकीचा. तो फिनेलचाच वास आहे.

या व्हिस्कीचं धान्य पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीतलं शेवाळ, गवत, झुडपं. मरतात, पण पाण्याखाली हवा नसल्यामुळे पुरती कुजत नाहीत, थरावर थर दबत जातात. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे पस्तीस सेंटिमीटर खणलं की आपण शिवराज्याभिषेकाच्या साली पोचतो. हेच आणखी लाखो वर्षं खाली दाबून ठेवलं असतं तर कोळसा झाला असता. पीट हे कोळशाचं बालपण. आता फिनेल कशाचं? जुन्या पद्धतीचं काळं फिनेल कोळशाच्या डांबरातून काढलेल्या तेलांचं, त्यात क्रेसॉल आणि त्याची भावंडं. पीटच्या धुरात काय? फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल. दोन्हीकडे मेलेल्या झाडपाल्याचंच वैभव, एक म्हातारं, एक तरुण.

फिनॉलचं जुनं नाव कार्बोलिक ॲसिड. आणि कार्बोलिकची गोष्ट तर आमच्याच शहरातली. जोसेफ लिस्टर ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत सर्जन होता. कार्लाइल गावी गटाराच्या घाणीवर कार्बोलिक टाकतात हे त्याला माहीत होतं, जंतूंवरचं पाश्चरचं लिखाणही त्याने वाचलेलं. १२ ऑगस्ट १८६५ ला त्याच्याकडे अकरा वर्षांचा जेम्स ग्रीनलीज आला. पायावरून घोडागाडी गेलेली, हाड मोडून कातडी फाटलेली. त्या काळी अशी जखम सडायची आणि पाय तरी जायचा नाहीतर पोर तरी. लिस्टरने कार्बोलिकमध्ये बुडवलेलं कापड जखमेवर बांधलं. दीडेक महिन्यात पोरगा आपल्या पायांवर. त्यानंतर जगभरच्या दवाखान्यांना जो वास चिकटला, तो बाबांच्या खिडकीपर्यंत पोचला. माझ्या नाकाने व्हिस्कीला दवाखाना म्हणणं हे तसं उलटं झालं. पीटच्या चुली या देशात दवाखान्यांच्या कितीतरी आधीपासून पेटत होत्या.

मी स्वतः डी.एम.एल.टी., म्हणजे लॅबचा डिप्लोमा, झाल्यावर पहिली दोन वर्षं टीबीच्या थुंकीच्या स्लाइडी रंगवल्या. कार्बोल फुक्सिन, खालून ज्योत, वाफ येईपर्यंत. त्यातलं ‘कार्बोल’ म्हणजेही हेच. म्हणजे आयुष्यभर मी फिनॉल हुंगत आले आणि प्यायला मिळालं तेव्हा नाक मुरडलं.

बरं, प्यायले का? हो, प्यायले.

पहिला घोट वाईट. उगाच काव्य कशाला. जीभ चरचरली, मग राख, मग नाकातून आयोडीन. दुसरा घोट मी आजोबांचं बघून घेतला. ते घोट लगेच गिळत नाहीत, तोंडात घोळवतात, कात घातलेला विडा घोळवावा तसा. तेव्हा धुराच्या मागून गोड आलं. गूळ नाही, मध नाही, व्हॅनिलाच्या जवळचं. मग खारं. अगदी शेवटी मिऱ्याची धग घशाखाली, आणि धूर मात्र कितीतरी वेळ टाळूला. लवंग चावल्यावर जीभ किंचित बधिर होते ना, तसंही काहीतरी. ही लवंग आणि व्हॅनिला दोन्ही कल्पनेतली नाहीत. ही दारू अमेरिकन ओकच्या पिंपांत मुरते, त्यात आधी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की भरलेली असते, आणि लाकडातून व्हॅनिलिन उतरतं. रसायनाच्या कुळात व्हॅनिलिन, लवंगेतलं युजेनॉल आणि धुरातलं ग्वायाकॉल ही जवळची नातलग मंडळी. धुरामागून गोडवा येतो तो परका नव्हे, चुलत घरचा.

तिसऱ्या घोटाला मला ती आवडली. आवडली म्हणजे, दुसऱ्या दिवशी विकत आणावी अशी नाही. पण ग्लास कुणी उचलून नेला असता तर मी हात धरला असता.

आजोबा बोलायला लागले होते. शेगोटीकडे बघत, हळू. वसंतात, एप्रिल-मे महिन्यात, सगळी घरं पीट कापायला जायची. लांब दांड्याची, पात्याला काटकोनात दुसरं पातं असलेली अवजारं. एकाने कापायचं, दुसऱ्याने झेलून बाजूला फेकायचं. ओल्या विटा, काळ्या लोण्यासारख्या. त्या पसरायच्या, मग छोट्या छोट्या उभ्या राशी करायच्या, वारा लागायला, आणि उन्हाळाभर पाऊस न पडो म्हणून प्रार्थना करायची, जी कधीच ऐकली जायची नाही. पाठ मोडायची. चिलटं चावायची. ‘त्यात काही रम्य नव्हतं, हेन. टुरिस्ट लोकांना सांगू नकोस.’

मी त्यांना आमच्या भाजावळीचं सांगितलं. त्याच महिन्यांत, पावसाच्या आधी, राबासाठी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, कवळं पसरून पेटवायचं. अंगाला, केसांना, वाळत घातलेल्या बोंबलांना तो धूर लागतो. आजोबांनी विचारलं, ‘त्या राखेवर काय उगवतं?’ म्हटलं, भात. ‘आम्ही धूर धान्याला देतो, तुम्ही जमिनीला,’ म्हणाले.

ते खरंच आहे. जव भिजवून मोड आणायचे, नाचणीच्या सत्त्वासाठी आणतो तसेच, आणि मोड फार वाढायच्या आत भट्टीत वाळवायचे. सुरुवातीचे काही तास खालून पीटचा मंद धूर. धान्य ओलं असतानाच धूर धरतं, एकदा कोरडं झालं की नाही धरत. किती धरला ते दहा लाखांत किती भाग फिनॉल असं मोजतात. लाफ्रॉइगचं माल्ट, म्हणजे हे मोड आणून वाळवलेलं धान्य, चाळिसाच्या वर. त्याच बेटावरच्या ब्रूकलॅडी डिस्टिलरीने ऑक्टोमोर नावाच्या एका व्हिस्कीसाठी ३०९ पर्यंत नेलं होतं. पण हे आकडे धान्याचे, ग्लासातले नव्हेत. आंबवण्यात, गाळण्यात निम्म्याहून जास्त वाटेतच गळतं. आणि गाळताना गंमत अशी की आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे कौतुक, इथे पहिली धार बाजूला काढून पुन्हा गाळायला टाकतात. धुराचे जड रेणू येतात मागाहून, शेवटी शेवटी. धार कुठे तोडायची तो हात ज्याचा, त्याचा धूर. आकड्यांच्या बढाया मारणाऱ्या मंडळींना हे कुणीतरी सांगायला हवं. आमच्या लॅबमधला एक जण मारतो.

आजोबांच्या लहानपणी लाफ्रॉइग एका बाईच्या हातात होती. बेसी विल्यमसन. ग्लासगो विद्यापीठाची पदवीधर, १९३४ च्या उन्हाळ्यात टायपिंगच्या तात्पुरत्या कामावर आयलाला आली ती परत गेलीच नाही. मालक इयन हंटर १९५४ ला वारला तेव्हा डिस्टिलरी तिच्या नावावर करून गेला. त्या काळात, त्या धंद्यात, त्या बेटावर. अमेरिकेत दारूबंदी असताना ही व्हिस्की औषध म्हणून विकली जायची, असंही डिस्टिलरीवाले अभिमानाने सांगतात. वासावरून तिथल्या अधिकाऱ्यांना पटलं असणार. बाबांना तर नक्कीच पटलं असतं.

आणि एक भन्नाट गोष्ट. १९९४ पासून लाफ्रॉइग आपल्या गिऱ्हाइकांना बेटावरची एक चौरस फूट जमीन आजन्म भाड्याने देते, प्रमाणपत्रासकट. भाडं तेच तुम्हाला देणार, वर्षाला एक ड्राम, म्हणजे छोटा पेलाभर व्हिस्की, तिथे जाऊन वसूल करायचं. मी कोकणातली. जमिनीचा विषय निघाल्यावर माझी पाठ आपोआप ताठ होते. विचारलं, सातबारा कुणाच्या नावावर? आजोबांना सातबारा समजावण्यात दहा मिनिटं गेली. मग ते म्हणाले, ‘जपानच्या माणसाची आयलावर जमीन आहे. माझी नाही.’ हसत म्हणाले, पण नंतर ग्लासात बघत बसले.

सतराव्या वर्षी ते बेट सोडून क्लाइड नदीवरच्या गोदीत कामाला आले. तेव्हा सेंट्रल स्टेशनच्या रेल्वेपुलाखाली, आर्गाइल स्ट्रीटवर, बेटांवरून आणि डोंगराळ भागातून आलेली माणसं जमायची. पाऊस लागत नाही, भाडं पडत नाही, आपल्या भाषेत बोलता येतं. त्या पुलाला अजून ‘हायलँडवाल्यांची छत्री’ म्हणतात. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांचं मी त्यांना सांगितलं. आमचे आजोबाही तसेच, अकरा जणांत एक खोली, गणपतीला आणि शिमग्याला गाव. चाकरमानी हा शब्द त्यांना शिकवला. त्यांना तो जमला नाही, ‘चाक्रा’ पर्यंत आले. त्यांच्या वाटेवर रेस्ट अँड बी थँकफुल नावाचा घाट लागतो, त्यात दरड कोसळली की रस्ता बंद आणि बोट चुकली. मी म्हटलं, आमच्या परशुराम घाटाचा सख्खा भाऊ.

साडेआठला नवऱ्याचा फोन आला, शेगडी मिळाली का म्हणून.

ग्लास तसाच घेऊन खाली आले, धुऊन परत द्यायचा म्हणून ओट्यावर ठेवला आणि विसरले. सकाळी स्वयंपाकघरात श्वास दिसत होता इतकी थंडी. रिकामा ग्लास हुंगला. दवाखाना पार गेलेला. उरली होती विझलेल्या बंबाची राख आणि थोडी साय. लेकीला दिला हुंगायला. तिने नाक धरलं, म्हणाली, ‘आई, प्लास्टर!’ इथे जखमेवर चिकटवायच्या पट्टीला प्लास्टर म्हणतात. हिलाही तेच. आणि हिने तर दवाखान्याची ती खिडकी कधी पाहिलेली नाही.

शनिवार असल्यामुळे बाबांना व्हिडिओ कॉल. ते आता ब्याऐंशीचे आहेत. आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण पोरीने घेतलेली त्यांना चालते, न विचारल्याच्या सुरात चालते. मी सगळं सांगितलं. फिनेलचा वास, कार्बोलिक, ग्लासगोतला लिस्टर. लिस्टर त्यांना ठाऊक होता.

‘पातळ किती केलंस?’

‘एक चमचा पाणी.’

‘चहाचा की टेबलाचा?’

‘चहाचा.’

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मागे आईच्या कुकरची शिट्टी झाली. मग चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल डोळ्यांजवळ नेत त्यांनी विचारलं,

‘लेबल लाल होतं की पांढरं?’

‘पांढरं, बाबा.’

‘मग हरकत नाही.’